पावतीपुस्तक घरीच ठेवा

एप्रिल सरत आला, शाळांच्या परीक्षा उरकल्या आणि आम्ही भोसरीच्या मैदानावर उन्हाळी शिबिरासाठी फक्की मारायला घेतली, की कोणी ना कोणी हितचिंतक भेटतोच. यंदाचे मोशी-प्राधिकरणातल्या एका सोसायटीतले होते. सकाळचं फिरणं आटोपून परत चाललेले, पायात भारी बूट, कानात वायर. थांबले, आखलेलं मैदान पाहिलं आणि विचारलं, "फी किती ठेवलीय?" म्हटलं, "फी नाही." त्यांच्या चेहऱ्यावर एकदम कीव दाटून आली. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, इथंच चुकताय. फुकट मिळालं की किंमत राहत नाही. निदान पाचशे रुपये ठेवा. मग बघा, पालक कसे सिरियस होतात ते."

गंमत बघा, हा सल्ला त्यांनी मला फुकट दिला. पाचशे रुपये मागितले असते तर कदाचित मीही सिरियस झालो असतो.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्यानं ‘फुकट’ म्हटलं की पुढचं मीच म्हणून टाकतो. सोसायटीचे चेअरमन हेच म्हणतात, कंपनीतला एच.आर.चा साहेब चेक देताना हेच म्हणतो, आणि ज्याला मी स्वतः खो-खो शिकवला, तोही आता अकॅडमी काढून हेच म्हणतो. आरती असावी तसं सगळ्यांना पाठ आहे. आरतीसारखंच, अर्थ कोणी विचारत नाही.

तेव्हा त्यांचं म्हणणं आधी मीच नीट मांडतो. पुढं कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं अर्धंच ऐकलं. म्हणणं असं: ज्यासाठी माणसानं खिशात हात घातला नाही, त्याला तो जपत नाही. फुकटच्या शिबिराला पहिल्या दिवशी झुंबड उडते आणि दहाव्या दिवशी निम्मं मैदान रिकामं दिसतं. पोरं येतात ती केळ्यासाठी आणि टी-शर्टसाठी. शिकवणारेही फुकटे, म्हणजे रिकामटेकडे. त्यांना जाब कोण विचारणार? आणि पाटी मात्र लावायची ‘चारित्र्य घडवणारं शिबिर’! जी मुलं वेळेवर येत नाहीत त्यांचं कसलं चारित्र्य घडवता? त्यापेक्षा माफक फी ठेवा, खऱ्या गरिबाला दाखला पाहून सवलत द्या. पालक बांधला जाईल, मुलाला पैशाची किंमत कळेल, आणि पैशाची किंमत कळणं हाच सगळ्यात मोठा संस्कार.

ऐकायला किती समजूतदार वाटतं! म्हणूनच चीड येते. वेडंवाकडं बोलणाऱ्याला उत्तर देता येतं. समजूतदार चेहऱ्यानं बोललेल्या चुकीपुढं माणसं माना डोलावतात.

पहिली गोष्ट, फुकटाची किंमत राहत नाही हा सिद्धांत ही मंडळी फक्त दुसऱ्यांच्या पोरांना लावतात. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडव पडतात. केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा, पायाला तेल चोळून देणं, सगळं फुकट. आमचे हे गृहस्थही तिथं पाण्याच्या बाटल्या वाटताना दिसतात, फोटोही काढून घेतात. त्या वारकऱ्याला ते म्हणतात का, "माऊली, पाच रुपये काढा, म्हणजे लाडवाची किंमत कळेल"? म्हणून बघावं. देहूपासून हाकेच्या अंतरावर राहतो आपण. कीर्तनाचे पैसे घेणाऱ्यांना तुकोबांनी काय काय सुनावलंय ते विसरलो की काय? त्यांच्या हिशेबात उलटंच होतं. मोल लावलं की वस्तू बाटली.

आणि रक्ताचं काय करायचं? आपल्या शहरात तर रक्तदान शिबिराशिवाय कोणाचा वाढदिवस पार पडत नाही. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. ते का झालं? विकत घेतलेल्या रक्तापेक्षा फुकट दिलेलं रक्त जास्त भरवशाचं, हे डॉक्टरांना कळलं होतं. पैशासाठी रक्त देणारा आजार लपवतो. आपणहून देणाऱ्याला लपवायचं काही कारण नसतं. जिवावर बेतलं की फुकटाची किंमत बरोबर कळते. मग ती मैदानावरच का कळत नाही?

आता ‘पैसे भरले की माणूस येतो’ हा मुद्दा. वाकडपासून चिखलीपर्यंत गल्लोगल्ली जिम आहेत. जानेवारीत वर्षाचे पैसे एकदम भरून मार्चमध्ये जिमचा रस्ता विसरलेली माणसं मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजू शकत नाही. हे गृहस्थ त्यांतले आहेत की नाही ते मी विचारलं नाही. पोट दिसत होतं.

पण गळतीचं बोलतात ते खोटं नाही. गळती होते. मात्र ती कशानं होते ते वही उघडून बघायला लागतं, आणि वही उघडायला सहा वाजता मैदानावर यायला लागतं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पोरं कमी होतात, कारण ती गावाला जातात. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी इथल्या कंपन्यांत राबणारी माणसं बीडची, लातूरची, नांदेडची, बुलढाण्याची, नाहीतर थेट बिहार-ओडिशाची. ठेकेदारानं सुट्टी दिली की रातोरात बोचकं बांधून एस.टी. धरायची. पोरगं काय सांगणार, "बाबा, तुम्ही व्हा पुढं, माझा खो-खो आहे"?

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी यायची. चौथी झालेली, पाचवीत जाणारी, बारीक, पण पायात भिंगरी. तिचं हजेरीचं पान बघितलं की कपाळाला हात लावावा. हजर, गैरहजर, हजर, गैरहजर. एक दिवस आली की दुसऱ्या दिवशी गायब. मीच चिडलो. आमच्यातल्या एकानं तर तिचं नाव ‘दिवसाआड’ ठेवलं होतं. शेवटी तिला बाजूला घेऊन विचारलं, "बाळा, रोज यायला काय होतं?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच ढ आहे. म्हणाली, "सर, काल पाणी होतं."

२०१९ च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी मिळतं. बाप पहाटेच चाकणच्या गाडीनं गेलेला, आई पॅकिंगच्या कामाला पहिल्या शिफ्टला. नळ येतो सकाळीच. पिंप भरायचं, हंडे भरायचे, धाकट्याला उठवायचं, हे सगळं त्या दहा वर्षांच्या पोरीकडं. पाण्याच्या दिवशी ती यायची नाही, कोरड्या दिवशी न चुकता पावणेसहाला यायची. तिचं पान मी परत बघितलं. इतकी नेमकी हजेरी माझ्या तीस वर्षांच्या टूलरूममध्ये एकाही ऑपरेटरची नव्हती, माझीही नव्हती. आता सांगा, पाचशे रुपये भरून तिचा नळ संध्याकाळी आला असता का?

फी लावून बघितली नाही असं समजू नका. एका वर्षी आम्हीही या वाक्याला भुललो. मंडळातल्या तरुण पोरांनी धरलं, "काका, नाममात्र. फक्त तीनशे." छापील पावतीपुस्तक आलं. त्या वर्षी जे बघितलं ते सांगतो, कारण माझं सगळं भांडण त्या महिन्यातून आलंय.

ज्या घरांतून दोन पोरं यायची, त्या घरांतून एक आलं. कोणतं आलं, ते विचारायची गरज आहे का? भाऊ आला. बहीण कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभी राहायची, त्याची पाण्याची बाटली धरून. शिबिर फुकट असताना आई-बापाला निवड करावी लागत नव्हती. ‘जा दोघंही, तेवढीच घरात शांतता’ म्हणून दोघांना पिटाळायचे. आपण तीनशेची पावती पुढं केली आणि त्या माणसाला सांगितलं, ‘निवड.’ त्यानं निवडलं. वर आपण म्हणायचं, यांच्यात मुलीला किंमत नाही! तो प्रश्न त्याच्या दारात नेऊन ठेवला कोणी?

टूलरूममध्ये गो-नो-गो गेज असतो. ‘गो’ टोक भोकात गेलं आणि ‘नो-गो’ टोक अडलं तर माल पास, नाहीतर रिजेक्ट. फी हा तसाच गेज आहे. फक्त तो पोराचा पाय मोजत नाही, बापाचा खिसा मोजतो. आणि बाद झालेला माल भट्टीत जात नाही, जाळीला नाक लावून उभा राहतो.

ही आत न आलेल्यांची गोष्ट. आत आलेल्यांचं जे झालं ते जास्त वाईट. आमच्याकडं पहिल्या दिवशी कोणी खेळत नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एका रांगेत बसून, हळूहळू पुढं सरकत, मैदानातले खडे वेचायचे. भोसरीचं मैदान म्हणजे मुरूम. उघड्या गुडघ्यानं सूर मारायचा तर आधी जमीन हातानं चाचपायला हवी. घमेली भरतात, पोरं एकमेकांना खडे मारतात, ओरडा खातात, पुन्हा वेचतात. दर वर्षी चालतं. त्या वर्षी दुसऱ्याच दिवशी एक वडील आले. आवाज चढलेला. "आम्ही पैसे भरलेत ते पोरांनी दगड उचलायला? तुमच्याकडं माणूस नाही का?"

मला काय उत्तर द्यावं कळेना, कारण त्यांचं बरोबर होतं. पैसे घेतले होते. हॉटेलात बिल भरणाऱ्याला कोणी ताट घासायला सांगत नाही.

मग ती रीघच लागली. "माझ्या मुलाला काल एकदाच धावायला मिळालं." "त्याला बसवूनच का ठेवता?" "सर्टिफिकेटवर ग्रेड असेल ना?" एका पोरानं दुसऱ्याला आईवरून शिवी दिली म्हणून त्याला दोन दिवस बाहेर बसवला, तर आई आली आणि शांतपणे म्हणाली, "दोन दिवसांचे पैसे वजा करा." ती बाई दुष्ट नव्हती. आदल्या वर्षी तीच बाई, तोच मुलगा, तेव्हा तिनं मैदानात येऊन त्याच्या पाठीत धपाटा घातला होता आणि म्हणाली होती, "सर, अजून चार दिवस बसवा याला." मधल्या वर्षात बाई बदलली नव्हती. पावती आली होती.

पैसे घेतले की पालक सिरियस होतो म्हणतात. होतो की! गिऱ्हाईक जसा सिरियस होतो तसा होतो. दुकानदार गिऱ्हाइकाला वळण लावतो असं कुठं बघितलंय? गिऱ्हाइकाच्या पोराला नाही म्हणता येत नाही, त्याला थांबवता येत नाही, त्याला हरू देता येत नाही. सगळ्यांना मेडल द्यावं लागतं. आणि मग आपण विचारतो, मुलांना हार पचवता का येत नाही!

पुढच्या वर्षी आम्ही फी काढून टाकली. वाटलं, सगळं पूर्ववत होईल. झालं नाही. पोरी परत आल्या, पण ‘माझ्या मुलाला किती वेळ मिळाला’ हा सूर जायला आणखी दोन उन्हाळे गेले. हे आमच्याच नशिबी आलं असं मला वाटायचं. नंतर कळलं की हे जगात मोजून झालेलं आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरात १९९८ साली युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरं निवडली. पालक मुलांना न्यायला उशिरा येत, बाई खोळंबून बसत. त्यांतल्या सहा पाळणाघरांत उशिराला दहा शेकेल दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता. तो वाढून जवळजवळ दुप्पट झाला. का? आधी बाईंना थांबवून ठेवायची लाज वाटायची; आता ती वेळ पैसे मोजून घेतलेली होती. आणि दंड उठवला, तरी उशीर कमी झाला नाही. लाज एकदा विकली की ती परत विकत मिळत नाही. हैफातल्या पालकांची आणि भोसरीतल्या त्या आईची भाषा वेगळी, देव वेगळा, पण पावती दाखवल्यावर दोघं वागले सारखेच.

खो-खो ज्यानं खेळलाय त्याला माझं म्हणणं लवकर कळेल. नऊ जणांत आठ जण मधल्या पट्टीत पाठीला पाठ न लावता, एक इकडं तोंड, एक तिकडं तोंड, असे बसलेले असतात. पळतो एकच. त्या एकट्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, दिशा धरली की खांब येईपर्यंत मागं फिरता येत नाही. पुढचा गडी पट्टीच्या पलीकडं सटकला, की याच्या हातात एकच गोष्ट उरते: बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणायचं आणि त्याच्या जागी आपण बसायचं. सगळ्यात जोरात पळणारा पोरगा सगळ्यात कमी वेळ पळतो, कारण त्याला खो कधी द्यायचा ते कळतं. ज्याला कळत नाही तो एकटाच धापा टाकत फिरतो आणि गडी हसत असतात. आता अशा खेळात पैसे भरलेला बाप बाहेर उभा करा, हातात मोबाईल, आपलं पोरगं किती सेकंद पळालं ते मोजत. तो मुलाला काय ओरडून सांगेल? "खो देऊ नकोस, तूच पळ!" हे मी कानांनी ऐकलंय.

आता सवलतीची दयाळू सूचना. ‘खऱ्या गरिबाला दाखला पाहून फी माफ करा.’ कसला दाखला? ठेकेदाराकडं काम करणाऱ्याला पगाराची स्लिप धड मिळत नाही, भाड्याच्या खोलीचा करार नसतो, रेशनकार्ड गावाकडं. बरं, आणला दाखला कुठूनतरी. मग अकरा वर्षांच्या पोरानं टेबलापुढं उभं राहायचं, मागं त्याच्याच वर्गातली मुलं, आणि म्हणायचं, ‘आमचं माफ आहे.’ महिनाभर त्याला ठाऊक असणार, त्याच्याबरोबरच्यांनाही ठाऊक असणार. हा संस्कार तुम्हाला हवा असेल तर तुम्ही करा.

पुण्यात हे पूर्वी होऊन गेलंय. बाळू पालवणकर हे या देशाचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज. चांभाराचा मुलगा, साहेबांच्या क्लबात खेळपट्टी तयार करायची, जाळी लावायची, हे त्यांचं काम. गोरा संघ हरवायचा तर याचा चेंडू हवा म्हणून पुण्याच्या हिंदू संघानं त्यांना मैदानात घेतलं. खेळात बरोबरी, आणि चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हिलियनमध्ये कपबशीतून, बाळू बाहेर मातीच्या भांड्यातून. दाखल्यावर दिलेली सवलत मला त्या मातीच्या भांड्यासारखी दिसते. खेळायला घेतलं ना? घेतलं. मग आणखी काय हवं?

आणि म्हणूनच, खेळ आपोआप चारित्र्य घडवतो हे मी कधीच म्हटलेलं नाही. तो हिंदू संघ क्रिकेट काही वाईट खेळत नव्हता. एका शिकल्या-वाचल्या माणसानं मला एकदा ऐकवलं की ऑगिल्वी आणि टुटको या अमेरिकेतल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय, चारित्र्य घडवायचं असेल तर खेळ सोडून दुसरं काहीतरी बघा. ऐकवणाऱ्याला वाटलं, आता माझी दांडी उडाली. अहो, ते दोघं बोलत होते स्पर्धेत उतरणाऱ्या, निवडून-पारखून घेतलेल्या खेळाडूंबद्दल. पारखलेल्यांत जे गुण दिसतात ते आधीचेच असतात, कमकुवत आधीच गळलेले असतात, असं त्यांचं सांगणं. म्हणजे माझंच म्हणणं झालं ना? चाळणी लावली की घडत काही नाही, फक्त चाळून निघतं. फी ही पहिली चाळणी. मग निवड चाचणी, मग किटचा खर्च, मग अकॅडमीचं पॅकेज. शेवटी जो उरतो त्याच्याकडं बोट दाखवून म्हणायचं, बघा घडवला! ‘चारित्र्य’ हा शब्द मला तसाही जड जातो. आमच्याकडं पंच नसतो. कबड्डीत हात लागला की ज्याला लागला त्यानंच सांगायचं. पहिल्या आठवड्यात कोणी सांगत नाही, मारामाऱ्या होतात. तिसऱ्या आठवड्यात एखादं पोरगं, कोणाचं लक्ष नसताना, पाय फरफटत स्वतःच बाहेर जातं. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

शिकवणाऱ्यांच्या दर्जाबद्दल फार बोलत नाही. कोल्हापूरकडच्या तालमींत वस्ताद फी घेऊन माती दाखवत नसे. पोरानं पहाटे उठून ती तांबडी माती उकरायची, ताक, तेल, हळद घालून मळायची, हीच त्याची फी. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. खाशाबांच्या हातात पावती दिली नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढं आला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. हा खेळ शंभर वर्षं जगवला तो संध्याकाळी कामावरून सुटून शिट्टी गळ्यात अडकवणाऱ्यांनी. त्यांना रिकामटेकडे म्हणायचं असेल तर म्हणा.

एक मात्र कबूल. फ्लेक्सवर मुलांपेक्षा नेत्यांचे चेहरे जास्त, उद्घाटनाला ढोल, समारोपाला ढोल, मधे चार दिवस पोरं उन्हात भाषण ऐकताहेत, अशीही शिबिरं या शहरात असतात. त्यांची वकिली मी करत नाही. पण ती फुकट कुठं असतात? त्यांची किंमत पोरांच्या पाठीवर छापलेली असते, चार रंगांत. तिथंही देणारा-घेणारा आहे, फक्त पावती टी-शर्टच्या कापडावर फाडलेली आहे.

राहिला शेवटचा खडा सवाल: ‘मग खर्च कोणी करायचा?’ खर्च आहेच. फक्की, शिट्ट्या, केळी, गूळ-शेंगदाणे, आयोडीन, कापूस, पाण्याचे जार. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग एकामागून एक बजाज, टेल्को, भोसरीचे शेकडो वर्कशॉप, मग चाकण. गावांची रानं, गायरानं, खळी, माळ, एकेक करून गेले. शेतकऱ्याला कमी-जास्त मोबदला मिळाला. पण त्या खळ्यांवर आणि माळांवर जी पोरं हुतूतू खेळत होती, त्यांना कोणी काय दिलं? ती जागा सगळ्यांनी मिळून फुकट घेतली, आणि तेव्हा एकही शहाणा म्हणाला नाही की फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी काढायला सांगितलेत, आणि त्यासाठीच्या कामांच्या यादीत खेळाचं प्रशिक्षण आहे. देशातल्या गाड्यांचा एवढा मोठा बाजार इथून भरतो. त्या गाड्या जोडणाऱ्या माणसाच्या पोरीला महिनाभर पळायला जागा द्यायची तर तिच्या बापापुढं पावतीपुस्तक धरायचं?

नाही धरणार. यंदाही नाही, पुढच्या वर्षीही नाही. शिबिर फुकट आहे ते परवडतं म्हणून नाही, दया येते म्हणून तर नाहीच. फुकट आहे म्हणूनच तिथं कोणी गिऱ्हाईक नाही. म्हणूनच कंत्राटी कामगाराच्या पोराच्या पाठीवर सुपरवायझरचं पोरगं खो देतं आणि त्याच्या जागी जाऊन बसतं. म्हणूनच मी दोघांनाही ओरडू शकतो. पाचशे रुपये घेतले की मला फक्त मैदान भाड्यानं देता येईल.

त्या गृहस्थांना मी सांगितलं, मुलाला पाठवा. म्हणाले, "त्याचं टेनिस असतं." म्हटलं, मग तुम्ही या. उद्या पहिला दिवस आहे, पावणेसहाला. बूट गेटपाशी काढा, एक घमेलं तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. खांबाच्या पलीकडचा कोपरा यंदा फार वाईट आहे, रस्त्याच्या कामाची खडी तिथंच पडलीय.